अक्कांच्या मागची जागा

गिरिजाअक्कांच्या मागे मी चार वर्षं मोटारसायकल चालवली. सावनदुर्ग, देवरायनदुर्ग, मेकेदाटू, एकदा तर थेट येरकाडचा घाट. पुढे त्यांची जुनी काळी गाडी, मागच्या सीटवर त्यांचे यजमान हणमंतअण्णा, आणि त्या दोघांच्या मागे आम्ही सातआठ जण, सहलीला निघालेल्या शाळकरी पोरांसारखे रांगेत. अक्का थांबल्या की आम्ही थांबायचो, अक्कांनी वेग वाढवला की आम्ही वाढवायचो. आज त्यातला कुठलाही रस्ता आठवला की हातातलं काम बाजूला ठेवावं लागतं.

मी नागपूरची. नोकरीसाठी बंगळूरला आले आणि बेळ्ळंदूरच्या एका कंपनीत रुजू झाले. अक्का तिथे ट्रान्सपोर्टचं काम पाहायच्या. कुणाची कॅब कुठल्या रस्त्याने जाणार, रिंग रोड तुंबला तर कुणाला कुठून वळवायचं, हे सगळं त्यांच्या हातात. पन्नाशी ओलांडलेली, बुटकी, अंगाने भरलेली बाई. सुती साडी, नाकात चमकी, केसांत मोगऱ्याचा इवलासा तुकडा. पहिल्या दिवशी मी हिंदीत विचारलं की माझी कॅब कुठे लागेल. त्यांनी माझ्या ओळखपत्रावरचं आडनाव वाचलं आणि मराठीत म्हणाल्या, "कुठली गं तू?" नागपूर म्हटल्यावर म्हणाल्या, "सरी. नागपूर, तुझी गाडी तिसऱ्या खांबापाशी." त्या दिवसापासून मी नागपूर. माझं नाव अमृता आहे हे त्यांना माहीत होतं, पण वापरायची वेळ फारशी आली नाही. आमच्यातला शशांक होता तो मुंबई.

त्यांचं घराणं बंगळूरचंच, किती पिढ्यांपासून ते त्यांनाही सांगता यायचं नाही. "आमचे लोक घोड्यावरून आले म्हणे. मी मोटारसायकलवर आहे, एवढाच फरक," असं म्हणायच्या. त्यांची मराठी मला आधी मजेशीर वाटायची. मधेच स्वल्प, मधेच सुम्ने. सरी म्हणजे बरं, स्वल्प म्हणजे जरा, सुम्ने म्हणजे उगाच. "सुम्ने हॉर्न वाजवू नको," हे वाक्य आमच्या ग्रुपमध्ये सगळ्यांच्या तोंडी बसलं होतं. कन्नड न येणारी दिल्लीची पोरगीसुद्धा म्हणायची.

मला मोटारसायकल अक्कांनीच शिकवली. मी हौसेने गाडी घेतली आणि महिनाभर ती आमच्या सोसायटीच्या तळघरात धूळ खात पडली, कारण बाहेरच्या रहदारीत घालायची छाती होत नव्हती. एका रविवारी अक्का यशवंतपूरच्या त्यांच्या घरून आल्या, साडीऐवजी पँट आणि कोपरांना पॅड लावलेलं जाकीट घालून. मी त्यांना ओळखलंच नाही. त्यांनी मला आधी गाडी चालवायला दिलीच नाही. नुसतं बसवून मान फिरवायला लावली. डावीकडे पूर्ण, हनुवटी खांद्याला लागेपर्यंत. मग उजवीकडे. "डोळे फिरवून रस्ता दिसत नाही. मान फिरव," म्हणाल्या. स्वतः त्या तशाच चालवायच्या. सतत इकडून तिकडे मान. शशांक मागे त्यांना घुबड म्हणायचा, पण प्रेमाने. आणि आम्ही सगळेच पुढे तसे मान फिरवायला लागलो.

त्यांच्या आणखीही काही रीती होत्या. सूर्य मावळायला आला की त्यांची गाडी बंद. कितीही जवळ आलेलो असू, उजेड उतरायच्या आत घरी पोचायचं, नाहीतर तिथेच मुक्काम. सगळा बेत त्या हिशेबाने आखायच्या. कॅंटीनमध्ये कुणी बाजूने चहाचा कप पुढे केला तर घ्यायच्या नाहीत. "समोर ठेव," म्हणायच्या. खुर्च्या वाटेत पडलेल्या असल्या की जाम चिडायच्या. खुर्ची ढकलून तशीच सोडून जाणाऱ्याला हाक मारून परत बोलवायच्या आणि आत सरकवायला लावायच्या. मोठमोठे मॅनेजरसुद्धा निमूटपणे खुर्ची सरकवायचे. आम्हाला वाटायचं, बाई शिस्तीची आहे.

अण्णांची तर आम्हाला गंमतच वाटायची. ते पीण्या नावाच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात तपासनीस होते, नुकतेच निवृत्त झालेले. उंच, वाळलेले, अबोल. त्यांना सायकलही चालवता येत नव्हती. बायको चालवतेय आणि नवरा मागे तिच्या खांद्यांवर हात ठेवून बसलाय, हे चित्र सिग्नलवर लोक वळून वळून पाहायचे. आमच्यातल्या पोरी म्हणायच्या, नवरा असावा तर असा. मीही म्हटलंय.

एकदा सावनदुर्गहून परतताना अक्कांनी अचानक करकचून ब्रेक लावला. आम्ही मागे कसेबसे थांबलो. पुढचा रस्ता मोकळा होता. तेवढ्यात डाव्या हाताच्या उसातून एक म्हैस धाडकन रस्त्यावर आली आणि अक्कांच्या चाकापुढून निवांत पलीकडे गेली. आमच्यापैकी कुणालाही ती दिसली नव्हती. पुढे चहाला थांबलो तेव्हा शशांक सगळ्यांना सांगत सुटला की अक्कांना कानामागेही डोळे आहेत. अक्का हसल्या. अण्णा मात्र घामाने भिजले होते, आणि त्यांच्या हातातला ग्लास इतका थरथरत होता की चहा बोटांवर सांडत होता. आम्ही त्यांना भित्रे म्हणून चिडवलं. त्यांनीही हसून घेतलं.

माझी आई नागपूरहून आली होती तेव्हाचीही एक आठवण आहे. आई साठीची, जन्मात कधी मोटारसायकलवर बसली नव्हती. अक्का काही कामाने एकट्याच माझ्याकडे आल्या होत्या. कशा आल्या ते मी तेव्हा विचारलं नाही. गाडी माझीच, तळघरातली. आईने अक्कांबद्दल इतकं ऐकलं होतं की ती पदर खोचून खाली गेली आणि म्हणाली, मला एक चक्कर मारून आणा. अक्का जरा थांबल्या. मग म्हणाल्या, "सरी, बसा." तळ्याच्या बाजूने मोठा वळसा घालून दोघी परत आल्या. आईचे केस विस्कटलेले आणि चेहरा असा फुललेला, की तसा मी बाबा गेल्यापासून पाहिला नव्हता. अक्का गाडीवरून उतरल्या आणि तडक आत जाऊन पाणी प्यायल्या. एकामागून एक, दोन तांबे.

नीलगिरीचा बेत अक्कांच्या डोक्यात किती वर्षं होता कोण जाणे. लग्नानंतर एकदा त्या आणि अण्णा बसने कोटगिरीला गेले होते आणि अण्णा सगळा घाट उलट्या करत बसले होते, म्हणून अक्कांना काही पाहताच आलं नव्हतं, एवढं आम्हाला माहीत होतं. त्या वर्षी त्यांनी मनावर घेतलं. पावसाळा संपला की निघायचं. कनकपुरा, कोळ्ळेगाल, चामराजनगर, मग तमिळनाडूत शिरून दिंबमचा घाट उतरायचा, तिथून कोटगिरी, ऊटी, आणि येताना बंदीपूरच्या जंगलातून परत. दर शनिवारी जेवणाच्या सुट्टीत कॅंटीनमध्ये बैठक व्हायची. अक्का हेल्मेटवर कॅमेरा लावून लोकांनी काढलेले त्या रस्त्यांचे व्हिडिओ रोज डबा खाताना पाहायच्या. इतके, की घाटाचं प्रत्येक वळण त्यांना पाठ झालं होतं. आम्हाला सांगायच्या, हे वळण पोटात घेतं, इथे समोरून लाकडाचे ट्रक येतात, इथे आरसा लावलाय पण त्यावर विश्वास ठेवायचा नाही. डोळे मिटून सांगायच्या. आम्ही घास हातात धरून ऐकत राहायचो.

निघायला तीन आठवडे उरले आणि अण्णांची पाठ धरली. मणक्याची चकती सरकली होती. डॉक्टरांनी बिछान्यावरून उठायची बंदी केली आणि दुचाकी तर कायमची बंद. आम्हाला वाईट वाटलं, पण बेताला त्याने काही बाधा येईल असं कुणालाच वाटलं नाही. चालवणाऱ्या अक्का होत्या.

मग अक्का माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, "नागपूर, तू तुझी गाडी ठेव. माझ्या मागे बस." मला जरा नवल वाटलं. माझी स्वतःची गाडी असताना मी मागे का बसू? त्यांनी स्पष्ट काही सांगितलं नाही. अण्णांशिवाय त्यांना सवय नाही, मागे कुणीतरी लागतं, असं काहीतरी म्हणाल्या, आणि रविवारी जेवायला यायचं आमंत्रण दिलं. मला ते मानाचं वाटलं. इतक्या जणांत अक्कांनी मला निवडलं होतं.

यशवंतपूरच्या बाजारामागे त्यांचं दोन खोल्यांचं घर. जेवण झालं. अक्का कॉफी करायला आत गेल्या. अण्णा कमरेला पट्टा बांधून पलंगावर पडले होते. त्यांनी मला खुर्ची जवळ ओढायला सांगितली, आणि नव्या कामगाराला यंत्र दाखवावं तसं शांतपणे सांगायला लागले.

"डावीकडून माणूस येत असेल तर डाव्या खांद्यावर एक थाप. गाडी असेल तर दोन. जनावर असेल तर खांदा दाबून धरायचा, जनावराचा भरवसा नाही. थांबवायचं असेल तर दोन्ही हात पाठीवर, जोरात. लाजायचं नाही. आणि तू तिच्या पुढे बघायचं नाही. पुढचं ती बघते. तू फक्त बाजूचं बघायचं."

मला हसू आलं. नवराबायकोंचा काही खेळ असावा असं वाटलं. मी म्हटलं, "अण्णा, हे सगळं कशाला?"

"कशाला म्हणजे? तिला बाजूचं दिसत नाही ना."

ते सहज बोलून गेले, आणि मग माझ्या चेहऱ्याकडे पाहून थांबले. "सांगितलं नाही तिने?"

आत कॉफी वरून खाली ओतल्याचा आवाज येत होता, तो बंद झाला.

अक्का तीन पेले घेऊन बाहेर आल्या. माझा पेला त्यांनी माझ्यासमोर ठेवला, स्वतः खाली चटईवर बसल्या आणि मान फिरवून आधी अण्णांकडे, मग माझ्याकडे पाहिलं. ती मान मी चार वर्षं पाहत होते. त्या क्षणी ती पहिल्यांदा पाहिली.

त्यांनी काही लपवलं नाही. डोळ्यांचा हा आजार त्यांच्या घराण्यातला. वडिलांना होता, आत्याला होता. आधी रात्रीचं दिसेनासं होतं, मग कडांकडून अंधार आत येत जातो. औषध नाही, चष्मा नाही. "नाकासमोरचं सगळं लख्ख दिसतं. तुझ्या कानातला खडा दिसतो, त्यातला लाल रंग दिसतो. पण तू तिथं बसली आहेस आणि तुझे हात मला नाहीत," म्हणाल्या. डोळे तपासायला समोर अक्षरांचा तक्ता लावतात. तो त्या शेवटच्या ओळीपर्यंत वाचायच्या, म्हणून लायसन मिळत गेलं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी मात्र गाडी सोडायला केव्हाच सांगितलं होतं. आमचा ग्रुप सुरू व्हायच्याही आधी.

रस्ते एकामागून एक डोळ्यांपुढे यायला लागले. येरकाडच्या वळणावर बाजूने घुसलेली बस. मेकेदाटूच्या वाटेवरची शाळेची पोरं. आम्ही आठ जण, बेफिकीर, त्यांच्या मागे. आणि मग एकदम दुसरंच आठवलं.

"माझी आई, अक्का," मी म्हटलं. "त्या दिवशी मागे अण्णा नव्हते."

अण्णांनी भिंतीकडे तोंड केलं.

"नव्हते," त्या म्हणाल्या. "तुझी आई पदर खोचून उभी राहिली. मला नाही म्हणता आलं नाही. पूर्ण रस्ता देवाचं नाव घेत होते. ती मागे गाणं म्हणत होती."

मी काय काय बोलले ते नीट आठवत नाही. आवाज चढला होता एवढं आठवतं, कारण शेजारच्या घरातला टीव्ही कुणीतरी बंद केला. अक्कांनी एकदाही मला थांबवलं नाही. अण्णाच मधे म्हणाले की चूक त्यांची आहे. डॉक्टरांनी सांगितल्यावर अक्का कित्येक दिवस कुणाशी बोलल्या नव्हत्या, जेवल्या नव्हत्या, आणि तेव्हा त्यांनीच म्हटलं होतं, मी बसतो मागे, मी आहे ना. ज्या माणसाला रिक्षातही मळमळायचं, तो माणूस इतकी वर्षं दर रविवारी मोटारसायकलच्या मागे बसून दोन्ही बाजूंचा रस्ता बघत होता. त्यांचा घाम, हातातला थरथरता ग्लास, आमचं ते चिडवणं. मला कुठे बघावं कळेना.

मी म्हटलं, घाट बघायचाच असेल तर मागे बसून बघा, मी चालवते. अक्कांनी मान हलवली. "मागे बसून बाजूचं दिसतं, नागपूर. समोर चालवणाऱ्याचं हेल्मेट असतं. मला फक्त समोरचंच दिसतं. मागे बसले तर मी तीन दिवस तुझं हेल्मेट बघेन." मग म्हणाल्या, "एकदाच. हे समोरचंही जाणार आहे. त्याआधी एकदा."

मी नाही म्हणाले. आणि हेही म्हणाले की शनिवारच्या बैठकीत त्यांनी सगळ्यांना स्वतः सांगावं. त्या "सरी" म्हणाल्या. कॉफी तशीच राहिली.

त्या शनिवारी मी कॅंटीनमध्ये गेले तेव्हा वाटत होतं की त्या येणारच नाहीत. आल्या. नेहमीसारखं सुरुवातीपासून शेवटपर्यंत सगळा रस्ता समजावला, कुठे पेट्रोल भरायचं, कुठे जेवायचं. जंगलाचं फाटक संध्याकाळनंतर बंद होतं तेही पुन्हा बजावलं. मग म्हणाल्या, "मी येणार नाही. मला बाजूचं दिसत नाही. तुमच्यापुढे चालवायला लागले तेव्हाही दिसत नव्हतं."

सगळ्यांना वाटलं काहीतरी गंमत आहे. दिल्लीची पोरगी हसलीसुद्धा. मग अक्कांनी तिला स्वतःच्या बाजूला उभं केलं, हात हलवायला सांगितला, आणि समोर बघत म्हणाल्या, "आता ही आहे की गेली, मला माहीत नाही." कुणी हसलं नाही. शशांकचा चेहरा पांढरा पडला होता. त्याची बायको गरोदर असताना तो तिला घेऊन आमच्याबरोबर आला होता, अक्कांच्या अगदी मागे.

"आम्ही तुमच्या मागे डोळे झाकून यायचो, अक्का," तो म्हणाला. तेवढंच. उठला, खुर्ची तशीच मागे सोडली आणि निघून गेला. अक्कांनी त्याला हाक मारली नाही.

बेत मोडला. ग्रुपवर कुणी लिहीना. दोघांनी ग्रुप सोडला. अक्का रोज कामावर येत, कॅब सोडत, आणि लोक त्यांच्या टेबलापाशी कामापुरतं बोलून वळत. मीही तशीच. रागापेक्षा मला भीती वाटत होती. होऊन गेलेल्याची भीती. कधीही, कुठल्याही वळणावर काय झालं असतं, हे मनातून जात नव्हतं. आईला मी काहीच सांगितलं नाही. फोनवर ती अजून विचारायची, तुझ्या त्या मोटारसायकलवाल्या अक्का कशा आहेत.

ज्या शनिवारी आम्ही निघणार होतो, त्या दिवशी सकाळी अण्णांचा फोन आला. त्यांचा आवाज मी आधी ओळखलाच नाही.

"ती गाडी घेऊन गेली," ते म्हणाले. "एकटी."

माझ्या ओळखीत चारचाकी शशांककडे होती. मी त्याला फोन केला. तो एवढंच म्हणाला, निघालोच, खाली ये. कनकपुरा रोडला लागलो. अक्कांना तो सगळा रस्ता पाठ होता, त्या दुसरीकडे जाणार नाहीत हे दोघांनाही माहीत होतं. फोन लागत होता पण त्या उचलत नव्हत्या. पुढे कुठेही रस्त्याकडेला माणसांचा घोळका दिसला की शशांक वेग कमी करायचा, आणि मी काचेतून बघायचे. एकदा कांद्याचा टेंपो उलटला होता. एकदा नुसती बसची वाट बघणारी माणसं. एक रुग्णवाहिका समोरून गेली तेव्हा त्याने गाडी बाजूला घेतली आणि स्टीअरिंगवर डोकं टेकलं.

कनकपुरा मागे टाकून सातनूरच्या दिशेला जरा पुढे गेल्यावर आम्हाला ती काळी गाडी दिसली. आडवी पडलेली. रस्त्यावर सगळीकडे हिरवा पाला पसरला होता.

अक्का जिवंत होत्या. रस्त्याच्या कडेला मातीत बसल्या होत्या, हेल्मेट बाजूला, आणि त्यांच्या मांडीवर एका बाईचं डोकं होतं. ती बाई, मादम्मा तिचं नाव, रेशमाच्या किड्यांसाठी तुतीचा पाला घेऊन डावीकडच्या शेतातून रस्त्यावर येत होती. अक्कांना ती दिसलीच नाही. हॅंडलला काहीतरी लागलं, गाडी फिरली, दोघी पडल्या. पाल्याचा भारा होता म्हणून मादम्मा वाचली. मनगट मात्र विचित्र वाकलं होतं आणि सुजत चाललं होतं.

मला सगळ्यात हादरवलं ते मात्र वेगळंच. मादम्मा पडल्यापडल्या चांगल्या हाताने अक्कांचा गाल पुसत होती आणि कन्नडमध्ये म्हणत होती, एनागिल्ल अम्मा, काही झालं नाही अम्मा. आणि अक्का, ज्यांच्या डोळ्यांत मी कधी पाणी पाहिलं नव्हतं, लहान मुलीसारख्या हुंदके देत होत्या. आम्ही बाजूला येऊन उभे राहिलो तरी त्यांना कळलं नाही. शशांक वाकून त्यांच्या समोर बसला तेव्हा कळलं.

"मुंबई," त्या म्हणाल्या, "हिला आधी उचल."

आम्ही मादम्माला कनकपुऱ्याच्या दवाखान्यात नेलं. हाड मोडलं होतं. डॉक्टरांनी कसं लागलं विचारलं तेव्हा मी काहीतरी सारवासारव करणार होते, तोच अक्का म्हणाल्या, "मला दिसत नाही आणि मी गाडी चालवत होते." डॉक्टरांनी लिहिता लिहिता मान वर केली. मादम्माचा नवरा धावत आला. तो आधी ओरडला, मग अक्कांची अवस्था बघून गप्प झाला आणि तक्रार नको म्हणाला. तरी अक्का पोलीस चौकीत गेल्या, घडलं ते सांगितलं आणि लायसन टेबलावर ठेवलं. तिथल्या हवालदाराला त्याचं काय करावं कळेना. तो परत देत होता. अक्कांनी घेतलं नाही.

चौकीतून अक्कांना घेऊन आम्ही परत त्या जागी गेलो; शशांकने त्यांची गाडी उभी करून घरी नेली आणि त्याची चारचाकी मी आणली. त्याआधी बराच वेळ तो रस्त्यावर ओणवा होऊन तुतीचा पाला गोळा करत होता. ट्रक येत होते, हॉर्न वाजवत होते. शेवटी मी त्याला हाताला धरून बाजूला केलं.

प्लास्टर निघेपर्यंत अक्का दर रविवारी बसने मादम्माकडे जात होत्या. तिच्या घरची भांडी घासायच्या, भाकऱ्या थापायच्या. मादम्माचा नवरा नेत्राण्णा आधी संकोचायचा, मग त्याला सवय झाली. मी एकदा बरोबर गेले होते. मादम्मा ओट्यावर बसून सूचना देत होती आणि अक्का चुलीपुढे ऐकत होत्या. दोघी पाल्याच्या भावावरून वाद घालत होत्या. मी दारात उभी होते. मला राग यायला हवा होता की गहिवरून यायला हवं होतं, ते ठरवता आलं नाही. अजूनही आलेलं नाही.

नंतर अक्कांनी नोकरी सोडली. अण्णांची पाठ बरी झाली तशी त्या दोघांनी कोटगिरीला जायचं ठरवलं, बसने. मैसूर रोडच्या बसस्थानकावर मी त्यांना सोडायला गेले. अक्कांना दरवाज्याशेजारची पहिली सीट हवी होती, जिथून समोरची मोठी काच पूर्ण दिसते. कंडक्टर म्हणत होता की ती जागा दुसऱ्या कुणाची आहे. अक्कांनी त्याच्याशी कन्नडमध्ये असा काही वाद घातला की माझ्या जुन्या ट्रान्सपोर्टवाल्या अक्का क्षणभर परत आल्यासारखं वाटलं. शेवटी तो म्हणाला, बसा अम्मा, बसा. अण्णा आधीच उलटीची गोळी घेऊन मागच्या सीटवर डोळे मिटून बसले होते.

ड्रायव्हरने गाडी सुरू केली. मी खिडकीखाली उभी राहून हात हलवत होते. अक्का ताठ बसल्या होत्या, पदर घट्ट गुंडाळून, समोर बघत. मी हाक मारली. इंजिनच्या आवाजात त्यांना ऐकू गेली नाही. आणि मी जिथे उभी होते तिथे मी त्यांच्यासाठी नव्हतेच.

म्हणून मी बसच्या पुढे गेले. गर्दीतून वाट काढत, बोनेटसमोर, काचेच्या बरोबर मधोमध जाऊन उभी राहिले आणि दोन्ही हात वर केले.

अक्कांना मी दिसले. चेहरा एकदम उजळला. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. अक्का सीटवरून अर्ध्या उठल्या, आणि काचेमागून मला हाताने रागावून खुणावायला लागल्या, बाजूला हो, बाजूला हो, गाडी सुटते आहे.